वाघोबाचा वाटा

कुशाबाईला एका जागी शांत बसलेलं बोरी बुद्रुकात कुणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. ही बाई चहासुद्धा उभ्यानं पिते, आणि अर्धा झाला की कप कुठंतरी ठेवून परसात धावते. विचारलं तर म्हणते, "कोंबड्या हायत माज्या." जसं काही जगात दुसऱ्या कुणी कोंबड्या पाळल्याच नाहीत.

तिचं घर गावाबाहेर मळ्यात. मागं शेवगा, पपई, कढीपत्ता आणि कोथिंबिरीचा वाफा. वाफा नावालाच, कारण कोथिंबीर पेरायची कुशाबाईनं आणि उकरायची कोंबड्यांनी, असा तिथला रिवाज. पिल्लांवर घार टपलेली, अंड्यांवर मुंगूस. एका वर्षी मानमोडीची साथ आली आणि बघता बघता खुराडं रिकामं झालं. शेजारच्या साळुबाईच्या ओट्यावर रोज घाण होते ती वेगळीच, आणि तिचा रोजचा शिमगाही ऐकावा लागतो. एवढं करून ही बाई कोंबड्या का पाळते, असं लोक विचारत.

कारण साधं होतं. लग्न होऊन आल्यापासून कुशाबाईनं मिठापासून लुगड्यापर्यंत सगळं दुसऱ्याच्या हातून घेतलेलं. नवरा होता तोवर नवऱ्याच्या, मग मुलाच्या. कोंबड्या आल्या आणि ती देणारी झाली. कुणाकडं बाळंतीण असो, कुणी तापातून उठलेलं असो, पहिली गावरान अंडी कुशाबाईच्या घरची जायची. लोक दारात येऊन "कुशामावशी, हायत का?" विचारायचे, तेव्हा तिला फार बरं वाटायचं. अगदी उघड बरं वाटायचं.

कोंबड्यांखेरीज तिचा जीव गुंतला होता तो हर्षालीत. मुलगा गोरख आणि सून, दोघंही चाकणला कंपनीत, दोघांच्या पाळ्या उलटसुलट. म्हणून नात लहानपणापासून आजीकडंच. सात वर्षांची झाली होती. संध्याकाळी कोंबड्या कोंडायचं काम तिचं. ती "आऽऽ ती ती ती" करून कणी टाकायची आणि शेवटची कोंबडी आत गेली की खुराड्याला कडी घालून, घरमालकिणीसारखे हात झटकायची. तिच्याकडं बघताना मात्र कुशाबाईचे पाय जागेवर थांबायचे.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली. ऊस मोकळा होत गेला तसे त्यातले बिबटे उघड्यावर पडले, आणि त्यातला एक कुशाबाईच्या शेवग्याखालून अंड्यावर आलेली तलंग कोंबडी उचलून घेऊन गेला. गोरख सुट्टीला आला तेव्हा परसात पिसं पडलेली.

"आई, आता लई झालं," तो म्हणाला. "बिबट्या काय तुला भेटाया येत न्हाई, कोंबड्यांसाठी येतोय. आता परत एकदा जरी परसात आला, तरी मी हर्षालीला चाकणला घिऊन जाणार."

"आन तितं तिला कोण बघणार? कुलूप?"

"पाळणाघर हाये."

"आजी जित्ती आसताना पाळणाघर!" कुशाबाई म्हणाली आणि पडलेली पिसं गोळा करायला लागली.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. खुराड्याला जाळी मारली, भोवती बाभळीच्या फांद्या रचल्या, परसात दिवा टांगला, दिव्याशेजारी रेडिओ लावून ठेवला. साळुबाई म्हणाली, "बिबट्याला टमाट्याचा भाव कळून काय उपेग गं?" कुशाबाई हसली नाही. दिवसातून दहादा ती जाळी ओढून बघायची. हर्षाली शाळेच्या वाटेला लागली की बांधावर उभी राहायची, आणि परत येऊन पुन्हा जाळी ओढायची.

शेवटी तिला वाघोबा आठवला. घरामागच्या बांधावर, उसाच्या कडेला, शेंदूर फासलेला धोंडा. वाघापासून गुरंवासरं राखणारा देव. त्याला कोंबड्याचा निवद दाखवायची रीत जुनीच. कोंबडं कापायचं, देवापुढं धरायचं, रक्ताचा टिळा लावायचा आणि घरी आणून शिजवून खायचं. देव वासाचा धनी, माणूस रश्श्याचा. पण कुशाबाईला एवढ्यावर भरवसा वाटेना. नुसत्या वासावर देव नातीला कसा राखील? एका रविवारी तिनं एक माजलेला नर कापला आणि अख्खाच्या अख्खा धोंड्यापुढं ठेवला. अंडं मोजून देणाऱ्या बाईनं अख्खं कोंबडं सोडलं. बरोबर हर्षाली होती, हळदकुंकवाचं ताट धरून.

"देवा, ह्यो तुजा वाटा. माज्या दारात येऊ नगंस, माजी नात नेऊ नगंस."

सकाळी जाऊन बघते तर पीससुद्धा नाही. कुशाबाईनं धोंड्यावर डोकं टेकलं. "पावला गं बाई!" पुढच्या रविवारी दुसरा नर गेला, मग तिसरा. परसातल्या एकाही कोंबडीला धक्का लागला नाही. गोरख फोनवर विचारी, "आला व्हता का?" आणि ती ठसक्यात सांगे, "नाव नगं घिऊ." निवदाचं मात्र कुणाला बोलली नाही. साळुबाईनं गावभर केलं असतं. धोंड्याशेजारचं गवत कुणीतरी बसून दाबल्यासारखं दिसायचं. ते तिच्या नजरेला पडलं होतं. तिनं नजर दुसरीकडं वळवली आणि घरी येऊन उगाच भांडी घासत राहिली.

मग ओतूरला भाची बाळंत झाली. रविवारी हर्षालीला साळुबाईकडं सोडून अंडी पोचवायची, जेवणाआधी परत यायचं आणि उन्हं उतरायच्या आत वाघोबाचं उरकायचं, असा तिचा बेत. पण भाचीनं जेवायला बसवलं आणि एसटीनं दगा दिला. स्टँडवर कुशाबाई या टोकाकडून त्या टोकाकडं येरझारा घालत होती. शेजारचा माणूस वैतागून म्हणाला, "मावशी, बसा की, तुमच्या चालण्यानं गाडी येत न्हाई." तिला नीट ऐकूही आलं नाही. आज देवाचा वाटा चुकला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ती मळ्यात पोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि दारात माणसं जमली होती. साळुबाई रडत होती. "म्या म्हशीला वैरण टाकाया गेले गं, तेवढ्यात पोर तुज्या परसात गेली कोंबड्या कोंडाया."

हर्षाली आत, पलंगावर. धडधाकट. परसात ती कणी टाकत असताना कोंबड्यांनी एकदम कलकलाट केला, तुरेवाला कोंबडा खुराड्यावर उडाला, म्हणून तिनं मान वर केली. शेवग्यापाशी बिबट्या उभा. ती कणीची वाटी टाकून घरात पळाली आणि दार लावून घेतलं. बाहेर बिबट्यानं कोंबडा नेला.

कुशाबाईनं तिला छातीशी धरलं. पोर तिच्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, आज आपण निवद न्हाई ठेवला ना? मंग वाघोबा जेवाया घरीच आला."

पोरीला तसंच कडेवर घेऊन कुशाबाईनं मागच्या दाराची कडी ओढून पाहिली.

सकाळी वनखात्याचा माणूस आला. बांधावर फिरला, धोंड्याजवळ वाकला, आणि कुशाबाई एकटीच जवळ होती म्हणून तिलाच म्हणाला, "मावशी, हितं कुणीतरी खायला ठिवतंय. चटावलाय तो. आता कोंबड्या आसू द्या न्हायतर नसू द्या, अजून लई दिवस हितं फेऱ्या मारणार. पिंजरा लावतो. पण पोराबाळांना जपा."

ती घरी आली तर गोरख चाकणहून येऊन बसलेला. लेकीला मांडीवर घेऊन. त्याचे डोळे लाल होते.

"आई," तो म्हणाला, "मी उगाच बोललो तुला. कोंबड्या व्हत्या म्हणून पोरगी वाचली. त्या वरडल्या नसत्या तर..." "ऱ्हाऊ दे कोंबड्या. हर्षाली पन हितंच ऱ्हाऊ दे. तुज्यावानी ध्यान आमच्याच्यानं व्हनार न्हाई."

कुशाबाईला जे हवं होतं ते मुलानं न मागता पदरात टाकलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. ती उठली, चुलीवरचं आधण उतरवलं, पुन्हा ठेवलं. अंगणात गेली, झाडू घेतला, चार हात झाडलं, टाकून दिला. आत आली. नात बापाला दार कसं लावलं ते दाखवत होती. पुन्हा पुन्हा, हसत.

"गोरख," ती म्हणाली, "तिला घिऊन जा."

"आगं, पन मी काय म्हणतोय..."

"तो कोंबड्यांमागं आला न्हाई. म्या बोलावलाय त्याला. दर आयतवारी अख्खं कोंबडं नेऊन घातलंय त्या धोंड्यापुढं. वाघोबाला म्हणून. तो यायचा थांबनार न्हाई आता. पोरीला हितनं ने."

गोरखनं लेकीला जवळ ओढलं. "काय केलंस गं आई हे," एवढंच म्हणाला. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिनंच दप्तर भरलं, फ्रॉकच्या घड्या केल्या, उकडलेली अंडी डब्यात घातली. गाडीवर बसल्यावर हर्षालीनं तिचा हात धरला. "आजी, तू पन चल ना."

रडू दिसू नये म्हणून कुशाबाईनं सवयीनं, खेकसल्यासारखं उत्तर दिलं, "मी आले तर ह्या कोंबड्या कोण कोंडील?"

हर्षालीनं परसाकडं पाहिलं. मग आजीकडं. "बरं," ती म्हणाली, आणि हात सोडून बापाच्या कमरेला धरलं. तिनं हट्ट करावा, पाय आपटावेत, रडून गाडीवरून उतरावं, असं कुशाबाईला फार फार वाटत होतं. पण पोर शहाण्यासारखी गप्प बसली.

"हर्षे, आगं तसं न्हवं..." कुशाबाई म्हणाली. तोवर गोरखनं गाडी चालू केली होती.