पेन्सिलीचं टोक

मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या हातात पेन्सिल होती. माझ्या अर्जावरून ती भराभर खाली सरकली, गुणांपाशीही थांबली नाही. मग परत वर गेली आणि माझ्या आडनावाखाली टेकून राहिली.

"गाव कोणतं म्हणालात?"

मी सांगितलं.

"हो का? माझी सासुरवाडी तिकडचीच. गावात घर कुठे तुमचं?"

अगदी आपुलकीनं विचारलं त्यांनी. असा प्रश्न कुठल्याच कागदावर उरत नाही, म्हणून तो इतका गोड विचारता येत असावा. संगणकाच्या कामाला माझं घर कशाला लागतं, असं मी म्हणू शकले असते. पण घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि ही नोकरी मला हवी होती. आमची वस्ती ओढ्यापलीकडे आहे. तेवढं ऐकल्यावर त्यांना पुढचं विचारावंच लागलं नसतं.

"चावडीजवळ," मी म्हणाले.

पेन्सिल पुढे सरकली.

तेव्हापासून किळस येते आहे. त्या हसण्याची, त्या पेन्सिलीची. आणि कदाचित सगळ्यात जास्त, माझ्या तोंडून इतक्या सहज निघालेल्या त्या शब्दाची. आई रोज सारवते ते अंगण मी एका शब्दात पुसून टाकलं.

संध्याकाळी आईनं त्याच अंगणात विचारलं, "काय काय विचारलं गं?"

"अभ्यासातलंच."

"आलं का सगळं?"

"आलं."

ती तशीच उठली आणि शेजारच्या मावशीला हाक मारून सांगू लागली, "आमच्या पोरीला सगळी उत्तरं आली."