टेंभुर्णीतला बांगलादेशी फणस

मांडीवर फणस घेऊन दोन दिवस एसटीने प्रवास केलेला माणूस तुमच्या पाहण्यात नसेल, तर तो मी. कुडाळहून निघताना बायकोने विचारलं, तिकडे जालन्याला फणस मिळत नाहीत का? मिळत नाहीत म्हणून तर निघालो होतो! ट्रेनिंग कॉलेजातला माझा मित्र अशोक तिकडे टेंभुर्णीला मास्तर होता. एक मेच्या शाळेच्या प्रदर्शनात देशोदेशीची राष्ट्रफळं मांडायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. स्पेनच्या राजचिन्हातलं डाळिंब, जमैकाच्या चिन्हावरचे अननस, हे मातीचं चालेल. पण बांगलादेश नवाकोरा देश, त्याचा फणस खराच हवा, असं त्याचं पत्र होतं. खाली लिहिलं होतं, "शिक्षणखात्याचे साहेब प्रदर्शन पाहून शाळेला आठवीचा वर्ग द्यायचा का ते ठरवणार आहेत. आठवी मिळाली नाही तर आमच्या शोभाची शाळा सातवीतच संपली." शोभा ही त्याची धाकटी बहीण.

पुण्यापर्यंत फणस गुमान होता. औरंगाबादला त्याने घमघमायला सुरुवात केली आणि माझ्या शेजारचा माणूस उठून मागे गेला. मी मजेत पाय पसरले. जालन्याच्या स्टँडवर मात्र घाईत चुकून भोकरदनच्या गाडीत चढलो आणि केदारखेड्याला उतरावं लागलं. तिथून मोसंबीच्या ट्रकने मला उचललं. मोसंब्यांच्या ढिगावर मी, माझ्या मांडीवर फणस, खाली काळी रानं आणि मधूनच हिरवीगार बाग. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने काटे चाचपून विचारलं, "हे जनावर जितं हे का?" फळ आहे म्हटल्यावर तो टेंभुर्णीपर्यंत हसत होता. मीही हसत होतो. इतका आनंद मला लग्नाच्या वरातीतही झाला नव्हता.

अशोक शाळेत टेबलं मांडत होता. घराच्या दारात त्याची आई, गयाबाई, उभी होती. जयभीम म्हणालो आणि हात अवघडले होते म्हणून फणस सरळ तिच्याच हातांत दिला. बाजरीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाऊन ओसरीवर आडवा झालो. झोप अशी लागली की विचारू नका.

जाग आली ती हसण्याने. पाहतो तर अंगणात सगळी गल्ली बसलेली, मधोमध माझा फणस उभा चिरून दोन फाका केलेला, आणि जो तो गरे खातोय. पाहुण्याने उंबऱ्यात घरच्या बाईच्या हातात फळ दिलं की ते त्याच दिवशी गल्लीत वाटायचं, ही इथली रीत. ठेवून घेतलं तर घराला नाव ठेवतात. मला हे ठाऊक नव्हतं. आणि हाताला तेल लावल्याशिवाय फणसाला हात घालू नये, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गयाबाईच्या हाताला विळा चिकटलेला, आणि शेजारच्या सखारामनानांच्या मिशांचं एक टोक गालाला!

फणस प्रदर्शनातला होता, असं मी सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. गयाबाई विळा चिकटलेल्या हातानेच माझ्यापुढे आली.

"मंग म्या माझ्याच लेकीची शाळा कापली का, गुरुजी?"

माझा वाटा तिने वाटीत झाकून ठेवला होता, तो पुढे केला. रागाच्या भरात मी नको म्हणालो. त्या रागाची मला अजून लाज वाटते.

नाना तोवर दोन्ही फाका उलटसुलट करून पाहत होते. साली म्हशीपुढे जायच्या बेतात होत्या. नाना जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती शिवणारे हमाल. ते घरून दाभण (पोती शिवायची जाड सुई) आणि सुतळी घेऊन आले. "कापूस भरून देतो. क्विंटलाचं पोतं फुटत न्हाई, हे काय फुटतंय," म्हणाले. दिवस मावळायच्या आत फणस पुन्हा गरगरीत झाला. शाळेतून परतलेल्या अशोकने आधी डोकं धरलं, मग तोही सुतळी ओढायला बसला.

सकाळी झेंडावंदन झालं आणि साहेब फिरत फिरत बांगलादेशापाशी आले. टेबलामागे शोभा उभी होती. तिने राजधानी सांगितली, नदी सांगितली. साहेबांनी फणस सहज उचलला. इतका हलका निघाला की हात वर गेला. त्यांनी शोभाकडे पाहिलं. अशोकने डोळे मिटले.

"साहेब, आतमंदी कापूस हे," शोभा म्हणाली. "फणस काल आमच्या गल्लीनं खाल्ला."

तेवढ्यात मागून गयाबाई पुढे आली, हातात माझी ती झाकलेली वाटी. चूक सगळी तिची आहे, पोरीची न्हाई, असं तिने सांगितलं आणि वाटी साहेबांपुढे धरली. साहेबांनी गरा तोंडात टाकला, दुसरा टाकला. मग त्यांनी शोभाला विचारलं की त्या देशाने हेच फळ का निवडलं असेल. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. शोभाने आईकडे पाहिलं.

गयाबाई म्हणाली, "मोसंबी एकल्याची, साहेब. ह्ये एक फोडलं की आख्खी गल्ली खाती. त्या लोकायच्या घरी माणसं लई असतील."

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही काढून काहीतरी लिहिलं आणि वाटी रिकामी केली. माझा वाटा गेला तो गेलाच.

परतताना गयाबाईने पिशवीभर मोसंबी दिली. कुडाळला दारातच ती बायकोच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी आळीत वाट. घरात दोनच उरली. दोन दिवस जपत नेलेल्या फणसाचा एक गराही मला मिळाला नव्हता, तरी इतकं पोटभर खाऊन मी कधी परतलो नव्हतो.

जूनच्या अखेरीस शोभाचं पोस्टकार्ड आलं. "आठवी सुरू झाली. मी पहिल्या बाकावर बसते. फणस वाळून लाकूड झालाय, आमच्या वर्गातल्या कपाटावर ठेवलाय. शिवणीचा अजून एक टाकासुद्धा उसवला नाही, हे तुम्हाला कळवायला नानांनी सांगितलंय."