आली म्हण, मग सोडते

आमच्या वन्संच्या हातून जे पडलं नाही, ते या पृथ्वीवर अजून तयार व्हायचं आहे. नवऱ्याच्या बहिणीबद्दल लिहायला बसलेली बाई थोडंफार तिखटमीठ लावणारच, हे मला मान्य आहे. पण इथे तशी गरजच पडत नाही. सावेडीतल्या आमच्या घरात आजही एका जातीच्या दोन बश्या सापडायच्या नाहीत, आणि जे कप शिल्लक आहेत ते सगळे विधुर आहेत. त्यांच्या हातून तुपाची बरणी पडली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पडला (तो पितळेचा, म्हणून वाचला), आणि एकदा तर गच्चीवर वाळत घातलेली अख्खी गादी खाली जाणाऱ्या दूधवाल्यावर पडली. आता गादी ही काय हातून निसटायची वस्तू आहे? माझ्या सासूबाई पारनेरकडच्या, शेतात वाढलेल्या. त्या लेकीला म्हणायच्या, "हाताला हाडं हायेत का लोणी हाय गं तुझ्या? लग्नात माळ घालशील, तीबी भुईवरच पडंल." ती वेळ आलीच नाही. वन्संना स्थळं बरीच आली, पण पोह्यांची बशी काही एकाही स्थळापर्यंत पोचली नाही.

त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला अगंतुगं करतात. आमच्यात तशीच रीत आहे. आणि याच बाई आज नगरच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या मालकीण आहेत. त्या गाळ्यात काय होतं म्हणाल, तर कॉन्टॅक्ट लेन्स उचलायची यंत्रं. लेन्स नव्हेत, लेन्स बनवणारे कारखाने वेगळे. पण त्या कारखान्यांत लेन्स साच्यातून निघाली की डबीत बंद होईपर्यंत तिला माणसाचं बोट लागू द्यायचं नसतं. पाण्यातून तिला अलगद उचलायची, तपासायची, पुढच्या वाटीत ठेवायची, हे काम जी मऊ रबरी टोकं करतात, ती आमच्या वन्संची. मी एकदा विचारलं, जगात इतकी धड हातांची माणसं असताना हे काम तुम्हालाच कसं जमलं? तर म्हणाल्या, "वहिनी, वस्तू धरायची कशी हे सगळ्यांना माहीत असतं. ती पडते कशी, हे माझ्याएवढं कुणाला माहीत आहे?"

एवढी यंत्रं केली, पण एक गोष्ट मात्र त्यांनी उभ्या जन्मात हातात घेतली नाही, ती म्हणजे तान्हं मूल. कुणी बाळ पुढे केलं की वन्संचे दोन्ही हात पाठीमागे जात आणि त्या बाळाकडे अशा बघत, जशी मी सराफाच्या काचेतल्या चंद्रहाराकडे बघते. आमच्या चिरंजीवांच्या बारशाला त्या सख्ख्या आत्या. नाव कानात सांगण्याचा मान त्यांचा, आणि पाळण्याच्या वरून-खालून बाळ देण्याघेण्याचाही. नाव त्यांनी हात पाठीशी बांधून, पाळण्यात वाकून सांगितलं. देण्याघेण्याच्या वेळी मात्र त्या गायब होत्या. शेवटी न्हाणीघरात सापडल्या. डोळे लाल होते. साबण गेला म्हणाल्या.

या लेन्सच्या वेडाचं मूळ मात्र मी आहे, आणि ते श्रेय मी कुणाला देणार नाही. मला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. पण तरुणपणी मी स्वतःला काय समजत होते ते देवच जाणे. लग्न ठरवताना मी चष्मा काढून बसले होते आणि नवरा पसंत केला तो निव्वळ आवाजावरून. पुढे नेवाशाला घरातलं एक लग्न निघालं. तिथे शालू नेसून चष्मा लावायचा म्हणजे माझ्या सौंदर्यावर घोर अन्याय, असं माझं मत पडलं. मी आठवडाभर तोंड फुगवून बसले आणि यांना पुण्याहून कॉन्टॅक्ट लेन्स आणायला लावल्या. तेव्हाच्या त्या लेन्स कडक, डोळ्यात बांगडीचा तुकडा गेल्यासारख्या. लग्नात मी मंगलाष्टकांपासूनच घळाघळा रडत होते. नवरी कोरडी आणि मी चिंब. नेवाशाच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "काय माया हाय बघा, सख्ख्या आईला बी इतकं रडू न्हाई आलं."

पंगतीत बासुंदी वाढली आणि मी डोळा चोळला. लेन्स टपकन वाटीत पडली.

मग जे झालं ते सांगते. मी एका डोळ्याने आंधळी होऊन, वाटी छातीशी धरून, "कुणी हलू नका" म्हणत बसलेले. आमचे हे चमचा घेऊन आले, लेन्स चमच्याखालून सटकली. मामेसासऱ्यांनी बोट घातलं, मग ते बोट चाटलं, तेव्हा ती पोटात गेली अशी बोंब झाली. गेली नव्हती, ती सायीला चिकटून बसली होती. वन्संनी कुणाच्या तरी लेकराच्या औषधाचा ड्रॉपर मागवला, त्याचं रबरी टोपण काढलं, दाबलं, लेन्सवर टेकवलं आणि सोडलं. लेन्स टोपणाला चिकटून वर आली. सगळी पंगत बघत राहिली, कारण वन्संनी काही उचललं आणि ते पडलं नाही, असं प्रथमच घडत होतं. मी तळहात पुढे केला. आता लेन्स टोपणाची सुटेना. वन्संनी झटकलं, पुन्हा झटकलं, तिसऱ्यांदा असं झटकलं की लेन्स कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. ती अजून नेवाशातच आहे. परतीच्या एसटीत मी खिडकीशी रुसून बसले आणि वन्सं शेजारी ते टोपण दाबत आणि सोडत बसल्या. म्हणाल्या, "उचलता आली गं. सोडता नाही आली."

त्या तेव्हा तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागल्या होत्या. पुढे नरम लेन्स आल्या आणि इकडे माझ्या स्वयंपाकघरावर संकट आलं. नरम लेन्स म्हणजे पाण्यात भिजलेली, सायीसारखी. पोलादी चिमट्याने धरली तर फाटते, सैल सोडली तर स्वतःतच दुमडते, उताणी आहे की पालथी तेही चटकन कळत नाही. सरावाला खऱ्या लेन्स कोण देणार? वन्सं माझ्या दुधाच्या पातेल्याशी उभ्या राहून निरनिराळ्या रबरी टोकांनी साय उचलत आणि ताटात मांडत. त्या साली आमच्या घरात तूप झालं नाही. मग कांद्याचे पापुद्रे आले. कांद्याला या जिल्ह्यात तोटा नाही, पण आतला पातळ पापुद्रा काढून उरलेला कांदा हवाली व्हायचा माझ्या. मी तेव्हा पाहुण्यांसमोर फिस्कन हसून म्हणत असे, "आमच्या वन्सं साय उचलण्यात पदवी घेतायत." स्वतःच्या विनोदावर इतकं हसणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. पाहुणे मात्र तिच्या चहासाठी हसत.

गाळा सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला एक पुढारी बोलावले होते. धूळ येऊ नये म्हणून आतली खोली बंद, यायचं तर टोपी, झगा, मास्क. पुढाऱ्यांचा आग्रह, नारळ यंत्रावरच फोडायचा. वन्संनी नारळ फाटकाबाहेर फोडवला. फोडायला अर्थातच स्वतः गेल्या नाहीत, नाहीतर पुढाऱ्यांचा पाय गेला असता. मग पुढाऱ्यांनी मास्क घालायला नकार दिला. फोटोत ओळखू कसा येणार? शेवटी वन्संनी त्यांचा रेशमी बिल्ला झग्याच्या छातीवर लावून दिला. आत सगळेच पांढऱ्या झग्यात. गर्दीत बिल्ला सुटून पडला, तो कुणीतरी उचलून भलत्याच माणसाला लावला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत मध्यभागी रुबाबात उभे होते ते वन्संचे वेल्डर. पुढच्या निवडणुकीत त्यांना उभं करा असं मी सुचवलं होतं.

आत मात्र एक नियम कडक. लेन्स एका रबरी टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते तेव्हा देणाऱ्याने आधी सोडायचं नाही. घेणाऱ्याला लेन्स धरून ठेवणाऱ्या हवेच्या ओढीवरून कळतं की माझ्याकडे पोचली; त्याने तसं कळवलं की मग देणारा हलकीशी फुंकर मारून मोकळा होतो. मधला क्षणभर ती दोघांची. वन्संनी नव्या कामगारांना हे हातातल्या टोकांनी शिकवताना शब्दच ठरवून दिलाय. घेणाऱ्याने म्हणायचं, "आली." तोवर देणाऱ्याने सोडायचं नाही. घरीदेखील त्या मला मिठाची वाटी देताना "आली म्हण, मग सोडते" म्हणतात. मी मुद्दाम "येईल" म्हणते. वाटी फुटते.

यंदा चिरंजीवांना उशिराने मुलगी झाली. मुलाला बहीण नाही, तेव्हा बारशाला आत्याचा मान पुन्हा आत्याआजींकडे आला. आमच्या सूनबाईंनी जाहीर केलं की बाळ आत्यांच्याच हाती द्यायचं, नाहीतर पाळणाच टांगायचा नाही. वन्संची झोप उडाली. सरावाला त्यांनी शालीत गुंडाळून एक भोपळा आणला, तो पडला. आम्ही दोन दिवस भोपळ्याची भाजी खाल्ली. मग कागदावर एक यंत्र काढून आणलं: चार गुबगुबीत रबरी तळवे, मानेला आधार, वर हलकी ओढ. सूनबाई ते बघून म्हणाल्या, "आत्या, हातांनी."

बारशाच्या दिवशी बायका पैठण्या नेसून आलेल्या, आणि वन्सं बांगड्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, केसांवर गाळ्यातली टोपी घालून उभ्या. हसू दाबताना माझ्या शेजारणीला ठसका लागला. पाळण्याच्या अल्याड मी, पल्याड वन्सं. मी बाळ पाळण्याखालून पुढे केलं. वन्संचे हात खाली आले, पण आवाज येईना. मी धरून राहिले. कमरेतून कळ निघाली, तरी धरून राहिले. शेवटी पाळण्यापलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आली."

मी सोडलं. काही पडलं नाही.

वन्संनी तिच्या कानात नाव सांगितलं. या वेळी वाकावं लागलं नाही. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले, तेही हळूच, कारण सगळ्यांचीच नजर त्या हातांवर. मग पाळण्यावरून परत द्यायची वेळ आली. वन्संनी बाळ पुढे केलं, मी खालून दोन्ही हात लावले. सगळा भार माझ्या हातांवर आला होता. पोरीने माझा अंगठाही पकडला होता. पण वन्संचे हात अजून तिच्या अंगाखाली होते, आणि टोपीतून सुटलेली एक पांढरी बट तिच्या कपाळावर टेकली होती.

"वहिनी, आली का गं?"

मागे बायका खोळंबल्या होत्या, घुगऱ्या गार होत होत्या. मी चष्म्यातून नीट बघितलं.

"नाही अजून," म्हटलं. "धरून ठेवा."