शेवंताबाईंची मूठ आणि बोटॉक्स

दुपारी कॉलनीतल्या एका बाईंनी मला थांबवून विचारलं, "शेवंताबाईले बोटॉक्स? या वयात तिले नवरी बनवता का जी?" म्हणून हे लिहावं लागतं आहे.

शेवंताबाई आमच्या मागच्या घरात राहतात. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली. नखं रुतून तळहातात जखमा होतात. हात धुताना त्या कळवळतात.

सुरकुत्या घालवायला जे इंजेक्शन देतात, तेच आखडलेले स्नायूही सैल करतं. आज सकाळी ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी ते त्यांच्या हाताला दिलं. फरक हळूहळू दिसेल, पण आज तिथे अजिबात चोळायचं नाही, असं बजावलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांची मुलगी मंगला मोहाच्या बियांचं तेल कोमट करून बसलेली. आपल्याकडे आखडलेल्या अंगावर पहिला इलाज तोच.

"मंगला, डॉक्टर काय म्हणाले?"

"इंजेक्शनवर काही चोळू नोका म्हणले. पण हे तं घरचं तेल आहे बाई, यानं काय होते?"

"चोळलंस तर औषध नको तिथे पसरेल."

शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "तेल तुमीच घेऊन जा बाई. इथी राह्यलं तं हे पोरगी चोळल्याबिगर झोपत नाई."

कपाळासाठी घेतलेलं इंजेक्शन आपल्याला चालतं. मग मूठ उघडण्यासाठी घेतलं तर हसू का येतं?

मंगलाकडून तेलाची एक बाटली, अर्धी भरलेली, मिळाली. उद्या संध्याकाळी परत देईन.