वरमाईची पंगत आणि एक जुना जबडा

आटपाडीकडं एका मेंढपाळ कुटुंबाच्या रानात आम्ही जुनी दफनं उकरत होतो. हाडं तपासणं हे माझं काम, आणि त्या वेळी कोणी मागं उभं राहून बडबडलं की माझं डोकं फिरतं. रानाची मालकीण फारसं बोलत नसे, म्हणूनच माझं तिच्याशी जमलं असावं. मी तिला मावशी म्हणायचे. लहानपणी एडक्यानं धडक दिली, तेव्हापासून तिचा जबडा वाकडा बसला होता. तोंडावर पदर कायम. दुपारी आम्हाला वाढून झालं की आपली भाकरी घेऊन ती गोठ्यामागं जायची.

त्याच महिन्यात तिच्या लेकाचं लग्न होतं, आणि जेवायला बसणारच नाही म्हणून मावशी हटून बसली होती. वरमाईची पंगत म्हणजे सगळ्यांचे डोळे तिच्या ताटावर, आणि तिचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. मावशीला तर एक पोळी संपवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागे. लेक रुसून बसला. मी समजवायला गेले, तर तिनं मलाच गप्प केलं.

मग एका दफनातून एक कवटी निघाली. बाईची, उतारवयातली. जबडा एका अंगाला सरकलेला, दात एकाच बाजूचे झिजलेले. ब्रशनं माती झाडली तशी कानापुढं एक उथळ खोबण दिसली. जबड्याचा सांधा कधीतरी लहानपणीच निखळला होता, आणि कवटीच्या हाडानं त्याला थोडं पुढं नवी जागा करून दिली होती. मी मावशीला हाक मारली आणि सगळं दाखवलं.

ती वाकून बघू लागली. हात आपसूक गालावर गेला.

"ही एकटीच जेवत आसंल का, बाई?"

हाडावरून ते कळत नाही, असं मी सांगितलं. खोटं बोलावंसं फार वाटलं होतं. मग एवढंच दाखवलं, की तिला सगळ्यांच्या रांगेतच पुरलं होतं आणि उशाशी जेवणाचं गाडगंही इतरांसारखंच ठेवलं होतं.

लग्नात मावशी पंगतीला बसली. पदर मागं सारून तिनं विहिणीकडं पाहिलं.

"पोळी दुधात कुस्करून वाढा. मला येळ लागतो. तवर बसा समदी."

आमचे उष्टे हात वाळले, पण कोणी उठलं नाही.