वरचं नाव

गायधनी बाईंबरोबर घोटीला गेलं की भातगिरणीच्या दारातच थांबावं लागे. यंत्राखाली साचणाऱ्या कोंड्याची चिमूट त्या जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभ्या राहत. भुकटीने केस पांढरे होत, पट्टा फटफटत असे आणि बाई कुठेतरी लांब पोचलेल्या. मग हळूच म्हणत, "गोड आहे. अजून जिवंत आहे."

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळत असे. तांदळाच्या कोंड्याच्या तेलात हृदयाला जपणारं एक द्रव्य असतं. ते शुद्ध काढायचं आणि निवृत्तीआधी त्यावर आपल्या नावाचा एक तरी शोधनिबंध छापून आणायचा, एवढीच त्यांची इच्छा. "आपण तांदूळ खातो आणि औषध म्हशीला घालतो," असं त्या म्हणत. सहकारी त्यांच्या कोंड्याच्या मांड्याला हसत. काचेच्या नळीतून द्रावकाची वाफ चढे, थेंब होऊन कोंड्यावर गळे, आणि ते थेंब बघता बघता बाईंचा चहा गार होई. तिथे बसलं की दुपार कधी सरली ते मलाही कळत नसे.

पण तेल दर खेपेला खवट निघे. नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं. बाई टापटिपीच्या, कोंडा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून एसटीने आणत आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागत. चूक तिथेच होती. ती दिसली गिरणीत झाडलोट करणाऱ्या, पेठकडच्या हौसाबाईला.

"बाई, असा ठेवला तर रातीत कडू होतो," ती म्हणाली. "ताजा हाय तवर भाजून घ्यायचा. मग लय दिस टिकतो. आम्ही भाकरीत घालायला असाच ठेवतो."

पुढच्या खेपेला बाईंनी स्टोव्ह आणि कढई नेली. हौसाबाईने कोंडा भाजला. खमंग वासाने गिरणीवालासुद्धा बाहेर आला. महिन्याभरात बाईंच्या कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी जमली. "बघ ना," एवढंच त्या म्हणाल्या आणि मला रडू आलं.

निबंधावर त्यांनी दोन नावं घातली. मासिकाचं पत्र आलं: पदवी नसलेल्या हौसाबाईंचं नाव काढा, लगेच छापतो.

"खाली आभार माना की," मी भांडले.

"आभार पाणी दिल्याचे मानतात गं," बाई म्हणाल्या आणि कागद खणात ठेवला. तो तिथेच राहिला आणि बाई निवृत्त झाल्या.

पुढे काही वर्षांनी बाई गेल्या. त्यांचं कपाट आवरताना ती कुपी सापडली. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांचं टपोरं अक्षर होतं. मी कुपी घेऊन घोटीला गेले. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं: हौसाबाई, पेठ. खाली, गायधनी, नाशिक.

ती बराच वेळ चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिली.

"माझं वर?" ती म्हणाली. "बाईंचं वर पायजे व्हतं."