अश्वगंधेला दाखला लागत नाही

बाबांची अख्खी नोकरी तहसील कचेरीत गेली. सही-शिक्क्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा कागद पुढे सरकवला नाही, आणि निवृत्तीनंतर तोच न्याय डॉक्टरांच्या गोळ्यांना लावला. बीपीच्या गोळीसोबतचं पत्रक त्यांनी भिंग लावून वाचलं. "चक्कर येऊ शकते म्हणून यायनं सोताच लिवून ठेवलं. हे औषध हाय का जहर?" गोळी घेतली, पण आमच्यावर उपकार केल्यासारखी.

अश्वगंधेची मुळं मात्र आदिलाबादच्या बाजारात पोतं अंथरून बसलेल्या अनोळखी माणसाकडून आली. ना नाव, ना शिक्का. त्या मुळांचं चूर्ण बाबा दोन्ही वेळ दुधातून घेऊ लागले. "झाडाचं मूळ हाय ते. त्यानं काय होते?"

महिन्याभरात न्हाणीघरात चक्कर येऊन पडले.

जवळच्या मावला गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय औषध चालू आहे?" बाबा शपथेवर सांगावं तसे म्हणाले, "काहीच नाही." मी संतापून पर्समधली चूर्णाची पुडी टेबलावर आपटली. अश्वगंधेनेही बीपी उतरतं, गोळीसोबत तर जास्तच, तेव्हा हे चूर्ण आधी बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं.

परतताना रिक्षात मी बाबांना झाप झाप झापलं. मूळ असलं तरी औषधच ना ते? डॉक्टरांपासून लपवायचं कशाला?

 बाबा म्हणाले, "माह्यी पुडी त घरी फळीवर हाय. तुह्या पर्समंदी कोनाची होती?"

माझ्या थायरॉईडच्या डॉक्टरीणबाईंना मीही "काहीच नाही" असंच सांगून आले होते.